सासूबाईंची एनओसी

बटाटा पोर्तुगीजांच्या गलबतातून आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याजवळ एकही कागद नव्हता. आयातदाराचा परवाना नव्हता, प्रयोगशाळेचा अहवाल नव्हता, गोणीवर हिरवा ठिपका नव्हता. तरी तो आत शिरला. नुसता शिरला नाही, तर थेट एकादशीच्या ताटात जाऊन बसला. पिढ्यान्‌पिढ्या राबलेली ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ त्या दिवशी उंबऱ्याबाहेर, आणि दक्षिण अमेरिकेतून आलेला हा पाहुणा पाटावर. त्याच्या ओळखीने मग त्याच मुलखाकडचे शेंगदाणे आले, रताळी आली, मिरची आली, राजगिरा आला. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो टॅपिओकाही मूळचा ब्राझीलकडचाच. ज्ञानेश्वरांच्या काळी वारकऱ्यांच्या ताटात यातले नेमके काय असेल, असा प्रश्न मी एका आषाढीला घरात विचारला होता. त्या दिवशी मला चहासुद्धा उशिरा मिळाला.

हे पुराण लावायचे कारण आमचे मेव्हणे. पत्नीचे थोरले बंधू. मूळचे राहुरीचे, सध्या मुक्काम मुनिरका, नवी दिल्ली. मुनिरका दक्षिण दिल्लीत आउटर रिंग रोडला लागून आहे. एकीकडे जेएनयू, दुसरीकडे आयआयटी, पलीकडे वसंत विहारचे बंगले, आणि मध्ये हे गाव. गावच, मेट्रोचे स्टेशन झाले म्हणून काही ते शहर झाले नाही. मूळची वस्ती टोकस जाटांची. शेती सरकारने घेतली, तेव्हा लोकांनी उरलेल्या जागेत इमारती पेरल्या आणि त्या चांगल्या फोफावल्या. गल्लीत दोन मोटारसायकली समोरासमोर आल्या की एकीच्या मालकाला जन्मगावी परत जाण्यावाचून इलाज नाही. भाडेकरू बहुतेक विद्यार्थी: बिहारचे, मणिपूरचे, नागालँडचे, मिझोरामचे, आणि मधूनच लातूर-नांदेडचा एखादा पीएचडीवाला, जो दर संक्रांतीला घरून आलेले तिळाचे लाडू लपवून ठेवतो. मी शेजारच्या डीडीएच्या फ्लॅटांत राहतो. तिथे ऊन येते, म्हणून मेव्हणे मला श्रीमंत समजतात.

या गावात ईशान्येकडच्या मुलांसाठी चालवलेली छोटी छोटी दुकाने आहेत. आंबवलेले बांबूचे कोंब, सुकी मासळी, राजा मिरची, आणि एका फळीवर कोरिया-जपानकडची रंगीत पाकिटे. वर परदेशी अक्षरे, त्यांच्यावर तिरका चिकटवलेला भारतीय आयातदाराचा स्टिकर. तो स्टिकर नेमका पदार्थाच्या कृतीवरच लावलेला असतो, त्यामुळे पाकिटात काय आहे आणि ते कोणी आणले हे कळते, त्याचे करायचे काय ते कळत नाही. अशाच एका फळीवर मेव्हण्यांना बटाट्याच्या स्टार्चचे पाकीट दिसले. पांढरे, मऊ, बोटांत धरले की करकरणारे. दुकानातल्या मुलीने सांगितले, याचे पारदर्शक नूडल्स होतात.

पाकीट हातात धरून मेव्हणे माझ्याकडे आले आणि पंख्याखाली बसून त्यांनी जो सिद्धान्त मांडला तो असा. उपवासाला बटाटा चालतो. मग बटाट्यातून काढलेले सत्त्व चाललेच पाहिजे. सत्त्व चालते, तर त्याची शेव चालते, नूडल्स चालतात, केक चालतो. संकष्टी, एकादशी, सोमवार, गुरुवार, शनिवार, नवरात्र, श्रावण. "भाऊसाहेब, या देशात जेवणाऱ्यांपेक्षा उपवास करणाऱ्यांचा खप जास्त आहे," ते म्हणाले. "आणि त्यांना आपण शंभर वर्षं तीच खिचडी खायला घालतोय."

यात तथ्य नव्हते असे मला म्हणता येईना.

पण स्टार्च परदेशातूनच कशाला? बटाटा पिकवण्यात चीनच्या खालोखाल आपला नंबर. इतका की भाव पडले की शेतकरी तो रस्त्यावर ओततात. २०१८ च्या जानेवारीत लखनौला विधानभवनासमोर शेतकऱ्यांनी बटाट्यांचा खच पाडला होता. आग्र्याकडची शीतगृहे भरलेली, आझादपूरच्या मंडीत ट्रकांची रांग, आणि आमचे मेव्हणे बटाट्यासाठी समुद्रापलीकडे बघताहेत. त्यावर त्यांनी अभ्यास केला होता. आपला बटाटा भाजीचा. त्याच्यात मुख्यतः पाणी; शंभर किलोंत ऐंशीच्या आसपास. युरोपात स्टार्चसाठी वेगळ्या जातीच लावतात, त्यांच्यात पिष्ट जास्त, आणि काढणीच्या हंगामात तो सगळा माल थेट कारखान्यात जातो. भारतात स्टार्च मुख्यतः मक्याचा आणि टॅपिओकाचा निघतो, कारण ते परवडते. हॉलंडमध्ये मात्र बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी एकत्र येऊन १९१९ साली आवेबे नावाची सहकारी संस्था काढली, ती आजही जगभर स्टार्च विकते.

सहकारी म्हटल्यावर मेव्हण्यांचे डोळे चमकले. प्रवरानगरला विठ्ठलराव विख्यांचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला तो १९५० च्या सुमाराला, म्हणजे हे डच आपल्या तीसेक वर्षे आधीचे. राहुरीच्या माणसाच्या मनात अशा वेळी जो प्रश्न येतो तोच त्यांच्या मनात आला. "चेअरमन कोण आहे?" मी म्हटले, माहीत नाही. "म्हणजे एवढी वर्षं चालली, आणि चेअरमनचं नाव कोणाला माहीत नाही?" त्यांचा त्या संस्थेवरचा विश्वास तिथेच थोडा डळमळला.

पहिले काम होते बटाट्याची जात ठरवणे. माणसाच्या जातीबद्दल आपण जितके जागरूक, तितकीच जगभरची कस्टम खाती मालाच्या जातीबद्दल. ब्रुसेल्समध्ये जागतिक सीमाशुल्क संघटनेने सगळ्या जगातल्या वस्तूंची वंशावळ करून ठेवली आहे. तीत ताजा बटाटा ०७०१ या घरात राहतो. त्याचे पीठ केले की तो ११०५ मध्ये जातो. सत्त्व काढले की ११०८, त्यातही मक्याचे, गव्हाचे, टॅपिओकाचे वेगवेगळे बिऱ्हाड. गोठवून फ्रेंच फ्राय केले की २००४, चिप्स केले की २००५. आणि त्या सत्त्वावर रासायनिक संस्कार केला, की त्याची रवानगी ३५०५ मध्ये. तिथे त्याचे शेजारी डिंक आणि सरस. आंबवून त्याची व्होडका केली तर २२०८, म्हणजे घराण्यातला तो एक उनाड. साबुदाणा या सगळ्यांपासून अलग, १९०३ मध्ये, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मेव्हण्यांनी ही वंशावळ वहीत उतरवून घेतली आणि मुद्दाम सासूबाईंना, म्हणजे त्यांच्या आईला, वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "सोयरिकी जुळवणारा गुरव आहे वाटतं."

मग अन्नखाते. जुना भेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याच्या आणि त्याच्या भावंडांच्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा आला, आणि त्याखालचे नियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. या कायद्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मुख्यालय दिल्लीतच, कोटला रोडवर. आयातीसाठी २०१७ चे वेगळे नियम आहेत आणि ते वाचायला मला आवडले, हे मी इथे कबूल करतो. त्यांत एक प्रकारची नितळ शंका आहे. हा पदार्थ काय आहे? कशाचा आहे? कोणत्या देशात झाला? कोण आणतो आहे, त्याचा पत्ता काय? माल बंदरात येईल तेव्हा त्याच्या ठरलेल्या आयुष्यापैकी ६० टक्के तरी शिल्लक हवे, किंवा मुदत संपायला तीन महिने हवेत. दोन्हींत जे कमी असेल ते. स्टार्चला याची धास्ती नाही, तो कोरडा ठेवला तर वर्षानुवर्षे टिकतो. पण ६० टक्क्यांची अट माणसांना लावली असती, तर मेव्हण्यांना इंदिरा गांधी विमानतळावरूनच परत पाठवावे लागले असते.

त्याच साली आणखी एक नियमावली निघाली. ज्या पदार्थाला माणसाने खाल्ल्याचा इतिहास नाही, त्याला बाजारात येण्याआधी प्राधिकरणाची मंजुरी लागते. बटाट्याच्या साध्या सत्त्वाला ही अडचण नाही. मला मात्र हा नियम वाचताना ओळखीचा वाटला. सासूबाईंचा अख्खा पाकशास्त्रीय कायदा याच एका कलमावर उभा आहे: "आमच्याकडे खात नाहीत."

निर्यात-आयातीचा क्रमांक परराष्ट्र व्यापार महासंचालनालयाकडून मिळतो, शुल्क ५०० रुपये, सगळे संगणकावर. अन्नाचा आयातदार कितीही लहान असो, त्याला परवाना केंद्राचाच लागतो, वर्षाला ७,५०० रुपये. मेव्हण्यांना याचा अभिमान वाटला. गल्लीतल्या मोमोवाल्याला साधी नोंदणी, आणि आपल्याला थेट केंद्र. परवान्यावर धंद्याचा पत्ता लागतो, आणि इथे पहिला अडथळा आला. दिल्लीत, आणि देशात जवळपास सगळीकडेच, भाडेकरार अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा केला की १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे तो नोंदवावा लागतो. परवाना मात्र निदान वर्षाचा. म्हणजे शेवटच्या महिन्यात परवाना मुनिरकात राहणार आणि परवानाधारक कुठे राहणार ते घरमालक ठरवणार.

घरमालक म्हणजे ताऊ. सकाळी खाटेवर हुक्का, संध्याकाळी खाटेवर हुक्का, आणि मधल्या वेळात भाडे. मुनिरकात अन्नाचे नियमन करणारी सर्वात जुनी संस्था हीच आहे, हे मला दिल्लीत आल्यावर लवकरच कळले. खोली दाखवायच्या आधी ताऊ विचारतात, पकाओगे क्या? ईशान्येकडच्या मुलांचा तर या प्रश्नाने जीव मेटाकुटीला येतो. आखुनी म्हणजे नागा लोकांचे आंबवलेले सोयाबीन. त्याचा वास जिन्यात उतरला की चार मजल्यांवरून पंचनामा सुरू होतो. २००७ साली दिल्ली पोलिसांनी ईशान्येच्या विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तिका काढली होती, तीत बांबूचे कोंब, आखुनी वगैरे उग्र वासाचे पदार्थ शेजाऱ्यांचा गोंधळ न होऊ देता शिजवावेत असा सल्लाही दिला होता. खाकी वर्दीने फोडणीत लक्ष घातल्याचे असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. आपल्या सुकटीबद्दल कोणत्याही आयुक्तालयाने अजून पत्रक काढलेले नाही, यात मी मुंबई पोलिसांचा मोठेपणा मानतो.

ताऊंनी मेव्हण्यांचे सगळे ऐकून घेतले. हॉलंड, बटाटा, सत्त्व, केंद्र सरकार. मग एकच प्रश्न विचारला. "बदबू-वदबू तो ना आवेगी?"

"ताऊजी, इसमें गंध ही नहीं होती।"

"फेर ठीक सै," ताऊ म्हणाले आणि ना-हरकत पत्रावर सही केली. बटाट्याच्या स्टार्चला वास नसतो, चव नसते, रंग नसतो. मुनिरकात राहायला यापेक्षा लायक भाडेकरू मिळणे कठीण.

माल आला तो असा. रॉटरडॅमहून जहाज न्हावाशेवाला, तिथून रेल्वेने तुघलकाबादच्या कोरड्या बंदरात. मुहंमद तुघलकाने दिल्लीची माणसे उचलून दौलताबादला नेली, आणि आता महाराष्ट्रात उतरलेला माल उचलून तुघलकाबादला आणतात; सातशे वर्षांत हिशेब फिटत आला म्हणायचा. मेव्हण्यांचा माल पूर्ण कंटेनरचा नव्हता. दुसऱ्यांच्या मालासोबत एका कोपऱ्यात त्यांच्या पंचवीस किलोंच्या कागदी गोण्या. दलालाच्या कारकुनाने बिल ऑफ एंट्री भरले, ते एकखिडकी पद्धतीने अन्नखात्याच्या अधिकाऱ्यापुढे गेले. मग कागद तपासणे, मग माल बघणे, मग नमुने काढणे. दोन काढतात, एक प्रयोगशाळेला जातो, दुसरा वाद झाला तर लागेल म्हणून ठेवतात. आपल्याकडे लग्नाच्या बोलणीत असा दुसरा नमुना ठेवायची पद्धत असती तर किती संसार वाचले असते, असे मेव्हणे मला फोनवर म्हणाले. मी फोन स्पीकरवर असल्याचे सांगितले. मग ते हवापाण्यावर बोलले.

गोणीवर आयातदाराचे नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहाराची खूण नसेल, तर ते दोष तिथेच कस्टमच्या आवारात स्टिकर लावून सुधारता येतात. कायद्याने ज्याला सुधारता येण्याजोगा दोष म्हटले आहे असे जगात फार थोडे आहेत, म्हणून हे कलम मला आवडते. पण पदार्थाचे नाव, घटक, तारखा यांवर स्टिकर चिकटवून बदल करता येत नाही. म्हणजे पत्ता बदला, कूळ बदलू नका. मेव्हण्यांच्या गोण्यांवर हिरवे ठिपके बसले आणि डच अक्षरांखाली मुनिरका, नवी दिल्ली ११००६७ असे छापील उमटले. त्यांनी त्याचा फोटो राहुरीला पाठवला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पांढरेपणा ठीक, ओलावा ठीक, सगळे ठीक. ना-हरकत मिळाली, माल सुटला. सरकारी दरबारात माणूस आत शिरतो आणि बाहेर येतो तेव्हा त्याच्या हातात काय असेल याचा भरवसा नसतो, असे सगळेच म्हणतात. मेव्हण्यांच्या हातात चक्क हवे ते होते. ते गोणी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चढले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

तिथे सासूबाई होत्या.

त्यांनी आधी चष्मा लावला. गोणी सगळ्या बाजूंनी पाहिली. ठिपक्यावर बोट ठेवले.

"हे काय?"

"शाकाहारी असल्याची खूण, आई."

"कांद्याच्या शेवेवर पण हाच असतो ना?"

"हो."

"लसणाच्या चटणीवर?"

"हो."

"मग याचा मला उपयोग काय? उपवासाचा ठिपका कुठंय?"

केंद्र सरकारच्या एका अख्ख्या प्राधिकरणाला जे सुचले नाही ते त्यांनी अर्ध्या मिनिटात दाखवून दिले. मेव्हणे म्हणाले, सरकारने तपासले आहे, प्रयोगशाळेत गेले होते. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "तुझ्या सरकारनं २०१५ ला मॅगी बंद केली. दोन-अडीच महिन्यांत मुंबईच्या हायकोर्टानं सोडवली. मी चातुर्मासात लसूण बंद करते. आणू दे कोणाला स्टे."

यावर मेव्हण्यांनी विज्ञानाचा आधार घेतला, आणि इथेच सगळे बिघडले. अन्नखात्याने घरच्या घरी भेसळ ओळखण्याच्या साध्या चाचण्यांची एक पुस्तिका काढली आहे. दुधात किंवा खव्यात स्टार्च मिसळला असेल तर टिंचर आयोडीनचे थेंब टाकायचे. निळे झाले की स्टार्च. मेव्हण्यांचे म्हणणे, उपवासाच्या ताटात आधीपासूनच स्टार्च आहे हे आईला डोळ्यांनी दिसले की ती हा नवा स्टार्च स्वीकारील. दिवस संकष्टीचा. सासूबाई देवघरात होत्या. मेव्हण्यांनी झाकून ठेवलेले ताट उघडले आणि औषधाच्या दुकानातून आणलेली बाटली काढली.

बटाट्याच्या भाजीवर एक थेंब. निळीकाळी. खिचडीवर एक थेंब. प्रत्येक साबुदाणा शाईत बुडवल्यासारखा. वरीच्या भातावर निळा डाग पसरला. शिंगाड्याच्या पुरीवर निळा. राजगिऱ्याचा लाडू नुसता तांबूसपणावर थांबला, त्याच्यातल्या पिष्टाची रचना वेगळी. शेंगदाण्याच्या आमटीने फारशी दाद दिली नाही. मी तिथे होतो आणि मला हे मान्य केले पाहिजे की दृश्य मोठे बोलके होते. पोर्तुगीजांच्या काळापासून आपण भक्तिभावाने काय खात आलो ते समोर निळ्या शाईत लिहिले होते.

सासूबाई बाहेर आल्या. ताटाकडे बघितले. मुलाकडे बघितले.

"औषध ओतलंस?"

"आई, हे बघ, हे सगळं स्टार्चच आहे…"

"आता हे खाणार कोण?"

विज्ञानाकडे या प्रश्नाचे उत्तर नव्हते. त्या रात्री सासूबाई केळ्यावर राहिल्या, मेव्हणे कशावरच नाही, आणि चंद्रोदय दिल्लीच्या धुरक्यामुळे कोणालाच दिसला नाही.

पण ते हटणारे नव्हते. दुसऱ्या खेपेला त्यांनी कायदा आणला. आपल्या अन्नविषयक नियमांत साबुदाण्याची व्याख्या आहे: सागो पामच्या किंवा टॅपिओकाच्या कंदाच्या सत्त्वापासून केलेले छोटे कडक मणी. म्हणजे कायद्यानेच साबुदाणा हा स्टार्च. शिवाय तो आपल्याकडे पूर्वी मलाया-सिंगापूरकडून यायचा. दुसऱ्या महायुद्धात जहाजे बंद पडली, तेव्हा तमिळनाडूत सेलमच्या व्यापाऱ्यांनी टॅपिओकापासून तो इथेच करायला सुरुवात केली. तिथल्या उत्पादकांची १९८१ पासून सहकारी संस्था आहे, आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. म्हणजे जो साबुदाणा तू पवित्र मानतेस तो, आई, महायुद्धातला पर्यायी माल आहे.

"युद्ध होतं ना?" सासूबाई म्हणाल्या. "मग आपद्धर्म. आता कुठंय युद्ध?"

हा मुद्दा मेव्हण्यांना खोडता आला नाही. मलाही येत नाही.

मग अपील. सासूबाईंनी स्वतःच फोन लावले, कारण न्यायदान एकतर्फी होऊ नये याबद्दल त्या दक्ष असतात. रत्नागिरीच्या मावशी म्हणाल्या, परदेशी पिठाचे सोडा, तुम्ही देशावरचे लोक उपवासाला कोथिंबीर घालता तेच आम्हाला पटत नाही. नागपूरच्या विहीणबाई म्हणाल्या, कोथिंबिरीचे काय, जिरे चालते का ते आधी ठरवा. तळमजल्यावरच्या मथुरेच्या बाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की आमच्या व्रताच्या आलूत आम्ही टमाटर घालतो. हे ऐकून सासूबाईंनी कपाळाला हात लावला. दिल्लीतल्या नवरात्राच्या थाळीत टोमॅटो असतो हे त्यांना इतकी वर्षे आम्ही कळू दिले नव्हते. स्टार्चचा प्रश्न बाजूलाच राहिला आणि टोमॅटोवर पाऊण तास गेला. एकच कायदा, पण प्रत्येक जिल्ह्याचे नियम वेगळे, आणि प्रत्येक जिल्ह्याला दुसऱ्या जिल्ह्याचा उपवास मोडलेला दिसतो. अन्नखात्याने देशभराला एकच नियम लावायला १९५४ पासून आजवर किती खस्ता खाल्ल्या असतील, याची मला त्या फोनवर कल्पना आली.

हुकमाचे पान मेव्हण्यांनी शेवटपर्यंत राखून ठेवले होते. मार्चमध्ये सासूबाई मुनिरकाच्या गच्चीत वाळवणाचा बटाट्याचा कीस घालतात. वरच्या मजल्यावरची मणिपुरी मुलगी त्यांना चादर धरायला मदत करते आणि बदल्यात ओला कीस खाते. बटाटे किसून पाण्यात टाकले की थोड्या वेळाने पातेल्याच्या तळाशी पांढराशुभ्र घट्ट थर बसतो. सासूबाई तो टाकत नाहीत. वरचे पाणी निथळून, उन्हात वाळवून, बरणीत भरतात आणि उपवासाच्या थालीपिठात घालतात. थालीपीठ तुटत नाही.

मेव्हण्यांनी बरणी काढली, गोणी उघडली, दोन वाट्यांत दोन्ही पिठे शेजारी ठेवली. पांढरे आणि पांढरे. चिमटीत धरले तर दोन्ही करकरणारी. हॉलंडच्या कारखान्यातही हेच करतात: किसणे, धुणे, गाळणे, वाळवणे. "आई," ते म्हणाले, "सांग, यातलं तुझं कोणतं?"

सासूबाईंनी दोन्ही वाट्या पाहिल्या. बोट बुडवले. वास घेतला, वास नव्हताच. थोडा वेळ त्या गप्प राहिल्या आणि मला क्षणभर वाटले, झाले.

"त्यांनी कोणत्या पातेल्यात केलं?"

"कारखाना आहे, आई. मोठ्या टाक्या असतात."

"त्या टाकीत आधी काय होतं?"

जगातल्या कोणत्याही आयात अर्जात हा रकाना नाही. मेव्हण्यांनी डच भाषेतली प्रमाणपत्रे चाळली. पण टाकीत आधी काय होते, हे लिहून देणारा अधिकारी त्या देशात नेमलेलाच नाही.

निकाल जेवणानंतर लागला, आणि तो मराठी घरातला सर्वात जुना निकाल होता. "चालेल तसं. चालायला काही हरकत नाही. पण मला नको." याच्यावर अपील नाही. ज्याला चालते त्याने खावे, आणि ज्या घरात आईला नको त्या घरात कोणालाच चालत नाही. मुनिरका ते राहुरी, हा निकाल फोनवरून संध्याकाळपर्यंत पोचला, आणि मेव्हण्यांनी ज्या ज्या नातेवाइकांना उपवासाचे नूडल्स द्यायचे कबूल केले होते त्यांनी आपापल्या परीने कळवले, की चालेल तसे, पण आम्हाला नको.

गोण्या महिनाभर जिन्याखाली पडून होत्या. ताऊ येता-जाता त्यांचा वास घेत आणि समाधानाने मान हलवत. मग एके दिवशी मागच्या गल्लीत कोरियन पद्धतीचे तळलेले चिकन विकणारे एक छोटे हॉटेल निघाले. चालवणारी मुले चुराचांदपूरची. बटाट्याच्या स्टार्चमध्ये घोळवून तळले की वरचे कवच काचेसारखे कुरकुरीत होते आणि रस्सा ओतला तरी लवकर मऊ पडत नाही, हे त्यांना ठाऊक होते. मेव्हण्यांनाही आता ठाऊक झाले. मुलांनी एक गोणी नेली, मग दोन, मग उरलेल्या सगळ्या, आणि पुढच्या मालाची ऑर्डर दिली. परवाना आहे, पत्ता आहे, तुघलकाबादचा दलाल ओळखीचा झाला आहे. धंदा उभा राहिला.

आषाढीच्या दुपारी सासूबाईंनी विचारले, "काय रे, खपतंय का तुझं ते पीठ?"

"खपतंय की, आई. हॉटेलवाले नेतात."

"काय करतात त्याचं?"

"तळणात वापरतात."

"रताळ्याचे काप असतील," सासूबाई म्हणाल्या आणि समाधानाने खिचडीवर लिंबू पिळले. एकादशीच्या दिवशी खोटे बोलायचे नाही असे व्रत असल्याने मेव्हणे काही बोलले नाहीत.